खिशातला आकडा आणि काट्यावरची नोंद

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात रोज सकाळी एक तक्ता तयार होतो. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात : ‘आज’ आणि ‘आजअखेर’. ऊस किती टन गाळला, साखर किती क्विंटल झाली, उतारा (उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी) किती पडला, कारखाना किती तास बंद राहिला, सगळं या दोन रकान्यांत. पूर्वी तो कागद कार्यकारी संचालकांच्या टेबलावर यायचा. आता तो फोनवर येतो. कुठे व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो म्हणून, तर कुठे पॉवर बीआय, झोहो ॲनालिटिक्स, टॅब्लो अशा बिझनेस इंटेलिजन्स ॲपमधून. सुटे भाग बनवणारा कारखाना असो, औषधांचा घाऊक विक्रेता असो की पतसंस्था, सगळीकडे हा बदल दिसतो. मालक प्रवासात असला तरी कालची विक्री, थकलेली येणी आणि गोदामातली शिल्लक त्याला फोनवर पाहता येते.

या साधनाने काय साधतं, ते कुठे चकवतं आणि त्याआधी काय करावं लागतं, हे नीट पाहण्याची वेळ आली आहे, कारण छोट्या-मध्यम उद्योगांचा पैसा आता त्यात जातो आहे. माझं मत आधीच मांडतो. फोनवर आकडा लवकर पोचतो, पण तो खरा की खोटा हे ठरतं नोंद होते त्या जागी : वजनकाट्यावर, स्टोअरमध्ये, शिफ्टच्या रजिस्टरात. आपल्याकडे खर्च आणि कौतुक पडद्याच्या वाट्याला येतं. नोंद करणारा माणूस दुर्लक्षित राहतो.

रोजचा आकडा रोज पाहण्याची शिस्त आपल्याकडे संगणकाच्या फार आधीची आहे. मारवाडी पेढ्यांमध्ये ‘पडता’ नावाची पद्धत होती आणि बिर्ला उद्योगसमूहाने ती आपल्या गिरण्या-कारखान्यांत चालवली. खर्च किती यावा आणि नफा किती सुटावा हे आधी ठरवायचं, मग दररोजचा प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. आजच्या डॅशबोर्डवर ‘लक्ष्य’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन खांब दिसतात, त्यांचं काम हेच आहे. अमेरिकेत आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी १९५८ साली ‘बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम’ या नावाने लेख लिहिला, पण त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती योग्य कागदपत्र योग्य माणसापर्यंत आपोआप पोचवणारी यंत्रणा. आज आपण ज्या अर्थाने ही संज्ञा वापरतो तो हॉवर्ड ड्रेसनर यांनी १९८९ पासून रूढ केला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७९ मध्ये, एमआयटीचे जॉन रॉकार्ट यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती : वरिष्ठाला सगळी माहिती नको असते. धंदा ज्यावर तगतो अशा मोजक्या गोष्टी त्याने स्वतः ठरवाव्यात आणि त्यांचीच माहिती मागावी. फोनच्या पडद्यासाठी याहून चांगला सल्ला मला माहीत नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये ॲप स्टोअर. २००९ मध्ये रोॲम्बी नावाच्या ॲपने आयफोनवर व्यवसायाचे आलेख बोटाने फिरवून दाखवले. २०१६ मध्ये सॅप कंपनीने ते विकत घेतलं. २०१५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं. भारतात याला जोड मिळाली ती दोन गोष्टींची. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झालं आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीने बिलं संगणकात आणली. ऑगस्ट २०२३ पासून तर पाच कोटींवर उलाढाल असलेल्या उद्योगांना दुसऱ्या उद्योगांना दिलेल्या मालाची बिलं ई-इन्व्हॉइसनेच करावी लागतात. म्हणजे आकडे तयार होऊ लागले, मग ते पाहण्याची इच्छा झाली.

पॉवर बीआयचं उदाहरण घेऊन फोनमागची साखळी पाहू. रिपोर्ट बनवण्याचं काम संगणकावर होतं. फोनवरचं ॲप पाहण्यासाठी, विभाग किंवा महिना निवडण्यासाठी, आलेखावर बोटाने खूण करून शेरा पाठवण्यासाठी आहे. मूळ माहिती बहुधा कारखान्याच्याच एखाद्या संगणकावर, टॅलीत किंवा ईआरपीच्या डेटाबेसमध्ये असते. ती तिथून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेण्यासाठी ‘गेटवे’ नावाचा एक प्रोग्राम त्या कारखान्यातल्या संगणकावर सतत चालू ठेवावा लागतो. रात्री ऑफिस बंद करताना कुणी तो संगणक बंद केला, किंवा वीज गेली आणि तो पुन्हा सुरू झालाच नाही, तर सकाळी फोनवर आलेख दिसतात, रंगही दिसतात, फक्त आकडे कालचे असतात.

दुसरी मर्यादा परवान्याची. साध्या प्रो परवान्यात माहिती दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा ताजी करण्याची वेळ लावता येते, वरच्या परवान्यात अठ्ठेचाळीस वेळा. थेट डेटाबेसला प्रश्न विचारणारी जोडणीही करता येते, पण ती हळू चालते आणि मूळ संगणकावर ताण आणते. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की फोनवर सूचना येते, या सोयीची विक्रेते फार स्तुती करतात. ती सूचनासुद्धा माहिती ताजी झाल्यावरच निघते. दुपारी एकला माल संपला आणि पुढची फेरी चारला असेल, तर सूचना चारनंतर येणार. तोवर स्टोअरकीपरने फोन केलेला असतो. म्हणून या ॲपमधल्या कुठल्याही रिपोर्टच्या डोक्यावर, सगळ्यांत ठळक जागी, ‘माहिती अमुक वेळेपर्यंतची’ अशी ओळ हवी. ती करायला अर्धा तासही लागत नाही. तरीही बहुतेक रिपोर्टांत ती नसते.

पडद्याबद्दल. संगणकासाठी मांडलेलं पान फोनवर तसंच उघडलं तर वाचता येत नाही, म्हणून पॉवर बीआय आणि टॅब्लो दोन्हींत फोनसाठी वेगळी मांडणी करण्याची सोय आहे. ती करणं म्हणजे आलेख लहान करणं नव्हे. काय गाळायचं ते ठरवणं हे खरं काम. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की एकाच मोजपट्टीवरची लांबी-उंची माणूस जितकी अचूक ताडतो, तितके कोन किंवा क्षेत्रफळ ताडू शकत नाही. सहा तुकड्यांचा गोल आलेख मोठ्या पडद्यावरही फसवा असतो, चार बोटं रुंदीच्या पडद्यावर तर निरुपयोगी. आडवे खांब, मोठ्या अक्षरात एक आकडा आणि त्याखाली गेल्या काही आठवड्यांची बारीक रेघ, एवढं पुरे होतं.

आपल्याकडच्या माणसाला जाचणाऱ्या तीन गोष्टी मात्र परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली : पॉवर बीआय मोठे आकडे आपोआप हजार, मिलियन, बिलियनमध्ये दाखवतं. १.२ मिलियन पाहिलं की आपला माणूस क्षणभर थबकतो. त्याला बारा लाख पाहिजे असतात. लाख-कोटी दाखवायला वेगळं सूत्र लिहावं लागतं आणि ते लिहून घ्यायलाच हवं. दुसरी : तारखांची आपोआप होणारी विभागणी जानेवारीपासून होते. त्यामुळे आपली एप्रिल ते जूनची पहिली तिमाही दुसरी म्हणून दिसते आणि ‘वर्षाच्या सुरुवातीपासून’ची विक्री १ एप्रिलऐवजी १ जानेवारीपासून मोजली जाते. ३१ मार्चला संपणारं वर्ष असलेला तारखांचा तक्ता आपणच बनवावा लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत लपलेली आहे. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, भारताच्या साडेपाच तास मागे. सूत्रात ‘आजची तारीख’ एवढंच लिहिलं असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्यात तिसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर पहाटे तीनला फोन उघडतो तेव्हा त्याचं उत्पादन ‘आज’मध्ये दिसत नाही. मग तो ॲपवरचा विश्वास सोडतो आणि वहीकडे परततो.

याहून खोल खड्डा गुणोत्तरांचा आहे. पुन्हा साखरेकडे येतो, कारण तिथे चूक थेट पैशात मोजता येते. समजा एका दिवशी ५,००० टन ऊस गाळला आणि उतारा ११ टक्के पडला : साखर ५,५०० क्विंटल. दुसऱ्या दिवशी बिघाडामुळे १,००० टनच गाळप झालं आणि उतारा ९ टक्के : साखर ९०० क्विंटल. दोन दिवसांचा उतारा किती? रिपोर्ट बनवणाऱ्याने रोजच्या टक्केवारीची सरासरी काढली तर १० टक्के येतो. खरा उतारा एकूण साखर भागिले एकूण ऊस, म्हणजे सुमारे १०.६७ टक्के. फरक दोन-तृतीयांश टक्क्याचा आहे. उसाच्या एफआरपीसाठी (केंद्र सरकारने ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दरासाठी) २०२२-२३ पासून १०.२५ टक्के हा मूळ उतारा धरला जातो आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो. एक आकडा त्या रेषेच्या खाली, दुसरा वर. कारखान्याचा चीफ केमिस्ट ही चूक कधी करणार नाही. ॲपमध्ये मात्र टक्केवारीचा रकाना उचलून टाकला आणि ‘सरासरी’ निवडलं की ती एका क्षणात होते, आणि आलेख देखणा दिसतो.

शिवाय आकड्याचा अर्थ वर्षागणिक बदलतो. बी-हेवी मळी किंवा रस इथेनॉलकडे वळवला की तेवढी साखर कमी तयार होते आणि उतारा घटलेला दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रस वळवण्यावर निर्बंध आणले. अशा वर्षाची तुलना आधीच्या वर्षाशी केली तर उताऱ्याची रेघ वर जाते, पण त्यात कारखान्याची कार्यक्षमता किती आणि धोरणाचा परिणाम किती हे रेघ सांगत नाही. दैनिक उताऱ्यात तर प्रक्रियेत अडकलेल्या साखरेचा अंदाजही धरलेला असतो. फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक आकड्याला एक लेखी व्याख्या हवी : काय धरलं, काय वगळलं, कोणत्या दिवसापासून. ‘विक्री’ म्हणजे बिल झालेली की गाडी भरून निघालेली, परत आलेला माल वजा केला की नाही, जीएसटीसह की त्याशिवाय, यावर विक्री विभाग आणि अकाउंट्स यांचं एकमत झालेलं नसेल, तर मालकाच्या फोनवर दोन वेगळे आकडे येतील आणि सोमवारची मीटिंग आकडा कुणाचा खरा यातच संपेल.

आता वागण्याचा प्रश्न. आकडा हातात आला की माणूस त्यावर काहीतरी करतो. कालच्यापेक्षा आज विक्री चार टक्के कमी, बाण लाल, लगेच विभागप्रमुखाला फोन. उद्या ती पाच टक्के वाढते, बाण हिरवा, त्याला वाटतं आपल्या फोनचा परिणाम झाला. प्रत्यक्षात दोन्ही दिवशी काहीच वेगळं घडलेलं नसतं. कुठलीही प्रक्रिया रोज थोडी वर-खाली होतेच. तो चढउतार नेहमीचा की दखल घ्यावी असा, हे ओळखण्याची रीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेखाच्या रूपाने दिली : मधली सरासरीची रेघ, वर-खाली दोन मर्यादा, आणि त्यांच्या आत जे चालतं त्याबद्दल सुटे सुटे जाब विचारायचे नाहीत. त्यांचे अनुयायी डेमिंग यांनी नरसाळ्याच्या प्रयोगातून दाखवलं की नेहमीच्या चढउताराला प्रत्येक वेळी उत्तर देत राहिलं तर परिस्थिती बिघडते. शूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि इथल्या कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची सुरुवात व्हायला त्या दौऱ्याची मदत झाली. एवढा जुना आणि आपल्याच मातीत रुजलेला हा विचार आजच्या फोनवरच्या लाल-हिरव्या बाणांत मात्र क्वचित दिसतो. खरं तर पॉवर बीआयमध्ये दोन मर्यादारेषा काढणं अवघड नाही. बाणांऐवजी त्या रेषा दिल्या तर रात्री दहा वाजता सुपरवायझरला जाणारे कित्येक फोन थांबतील, आणि जे जातील त्यांना अर्थ असेल.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट म्हणजे नोंद. तिच्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण इथेच आपण सर्वांत कमी खर्च करतो.

सरकारी क्षेत्रातलं एक उदाहरण महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर ॲप आणलं. अंगणवाडी सेविकेने मुलांची वजनं-उंची, आहारवाटप फोनवर भरायचं आणि दिल्लीपर्यंत सगळ्यांना चित्र दिसायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बिघडणारे, आणि ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. हा प्रश्न केवळ सेविकांच्या सोयीचा नव्हता. ज्या बाईला पडद्यावरचा शब्द वाचता येत नाही, तिने भरलेल्या आकड्यावर जिल्ह्याचं कुपोषण ठरणार असेल, तर वरचा सुंदर नकाशा कुणाच्या कामाचा?

खाजगी कारखान्यात हेच लहान प्रमाणात घडतं. मशीन का थांबलं याचं कारण भरायला ऑपरेटरपुढे वीस पर्यायांची इंग्रजी यादी येते. हातमोजे तेलाने भरलेले, मागे काम खोळंबलेलं. तो शेवटचा पर्याय निवडतो : ‘इतर’. महिन्याअखेर मालकाच्या फोनवर मशीन थांबण्याचं सर्वांत मोठं कारण ‘इतर’ म्हणून झळकतं. कुठे शिफ्टभराच्या नोंदी शेवटच्या दहा मिनिटांत आठवून केल्या जातात, आणि त्या आकड्यांना पाच-दहाच्या पटीत पडण्याची सवय असते. रोज २५०, ३००, २५० असं उत्पादन दिसलं तर ते मोजलेलं नाही, सांगितलेलं आहे, हे ओळखावं. कुठे स्टोअरमधून माल आधी जातो आणि चिठ्ठी दोन दिवसांनी संगणकात चढते, म्हणून शिल्लक उणे दिसते. या चुका आळसातून होत नाहीत. नोंद करणाऱ्याला त्या नोंदीतून काहीच परत मिळत नाही, हे त्यांचं कारण.

जिथे परत मिळतं तिथे चित्र पालटतं. साखर कारखान्यांत वजनकाटा संगणकाला जोडला गेला आणि वजन झाल्याबरोबर शेतकऱ्याच्या फोनवर टनांचा संदेश जाऊ लागला, तेव्हा त्या नोंदीला आपोआप एक तपासनीस मिळाला. स्वतःच्या उसाचं वजन चुकलं तर शेतकरी त्याच दिवशी काट्यावर येऊन विचारतो. चिटबॉयने, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, शेताचा गट नंबर चुकीचा टाकला तर तेही उघड होतं. दूध संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ आणि दर छापलेली चिठ्ठी हातात पडते तेव्हा हेच होतं. ज्याचा आकडा त्याला आधी दाखवला की तो खरा राहतो. म्हणून ऑपरेटरच्या लाइनवर त्याच्याच शिफ्टचा आकडा मोठ्या पडद्यावर, मराठीत, मालकाच्या फोनच्या आधी लागला पाहिजे. कारणांची यादी वीसवरून सहावर आणावी, ती त्याच्या बोलीतल्या शब्दांत असावी, आणि जिथे जमेल तिथे बारकोड किंवा यंत्राची थेट जोडणी करून हाताने भरणंच टाळावं. पॉवर बीआयच्या ॲपला क्यूआर कोड ओळखता येतो. यंत्रावर कोड चिकटवला तर त्यासमोर उभा असलेला मेंटेनन्सचा माणूस त्याच यंत्राचा इतिहास फोनवर उघडू शकतो. ही सोय मला मालकाच्या डॅशबोर्डपेक्षा जास्त मोलाची वाटते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. प्रत्येक विक्री प्रतिनिधीला फक्त त्याच्या भागाचे आकडे दिसावेत अशी व्यवस्था या ॲप्समध्ये असते आणि ती नीट चालते. पण कुणी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की ती व्यवस्था संपली. ॲप उघडायला बोटाचा ठसा सक्तीचा करता येतो, तो करावा. परवान्याचा खर्च मोठा वाटतो, कारण पॉवर बीआयचा प्रो परवाना एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झाला आहे, आणि मोठी क्षमता विकत घेतली नसेल तर नुसतं पाहणाऱ्यालाही तो लागतो. हा खर्च वाचवायला काही जण ‘पब्लिश टू वेब’ हा मार्ग धरतात. त्यात पासवर्ड नसतो; ज्याला दुवा मिळेल त्याला तुमचे ग्राहक, दर आणि थकबाकी दिसते. रिपोर्टमध्ये ग्राहकांची नावं आणि फोन नंबर असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचीही जबाबदारी येते. दहा-पंधरा माणसांच्या दुकानाला हे सगळं जड असेल, तर टॅलीला जोडलेलं एखादं साधं मोबाइल ॲप येणी-देणी आणि शिल्लक दाखवायला पुरतं. प्रत्येकाला पॉवर बीआय लागत नाही.

साध्या वाक्यात प्रश्न विचारायचा आणि ॲपने उत्तर द्यायचं, ही सोय कोपायलटसारख्या एआय साधनांमुळे आता वाढते आहे. लहान पडद्यावर गाळण्या लावत बसण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात सांगली भागातली थकबाकी किती’ असं विचारणं सोपं आहे, यात शंका नाही. पण उताऱ्याची सरासरी चुकीच्या पद्धतीने बांधलेली असेल, तर हे साधन तीच चूक सफाईदार वाक्यात सांगेल, आणि वाक्यावर माणूस तक्त्यापेक्षा लवकर विश्वास ठेवतो. व्याख्यांचं काम त्यामुळे जास्त निकडीचं झालं आहे.

ज्यांच्याकडे हे ॲप आधीच सुरू आहे त्यांनी एक पाहणी लगेच करावी. पॉवर बीआयमध्ये रिपोर्टांच्या वापराचा अहवाल मिळतो : गेल्या ३० दिवसांत कोणता रिपोर्ट कुणी, किती वेळा उघडला, आणि फोनवर की वेबवर. तो काढावा. न उघडलेले रिपोर्ट बंद करावेत, न वापरलेले परवाने परत करावेत, आणि त्या पैशातून स्टोअरमध्ये एक बारकोड स्कॅनर आणि लाइनवर एक मराठी पडदा घ्यावा. उरलेल्या तीन-चार रिपोर्टांसाठी अकाउंट्स, विक्री आणि उत्पादन या तिघांनी एकत्र बसून प्रत्येक आकड्याची व्याख्या एका पानावर लिहावी, त्याखाली सह्या कराव्यात, आणि ते पान ॲपच्या पहिल्याच पडद्यावरून उघडेल अशी सोय करावी.